खुलासा : गिप्सलँड ‘निर्मनुष्य’ नव्हते

‘स्कॉटलंडच्या स्काय बेटावर जन्मलेल्या अँगस मॅकमिलनने ऑस्ट्रेलियातला गिप्सलँड हा निर्मनुष्य प्रदेश शोधला,’ अशी पोस्ट फिरते आहे. ती चुकीची आहे. तिथे गुनाईकुर्नाई हे आदिवासी लोक हजारो वर्षांपासून राहत होते. १८३९मध्ये मॅकमिलन निघाला तोही मनारो या शेजारच्या भागातल्या जिमी गिबर या आदिवासी वाटाड्याला सोबत घेऊन. ‘गिप्सलँड’ हे नावही त्याचे नव्हे, ते स्ट्रझेलेकी या पोलिश संशोधक-प्रवाशाने दिले.

पोस्टमध्ये सर्वांत गंभीर गोष्ट गाळली आहे. १८४३मध्ये गिप्सलँडमधल्या वॉरिगल क्रीकला गुनाईकुर्नाईंची कत्तल झाली. तिचे नेतृत्व मॅकमिलननेच केले, असे अनेक इतिहासकार मानतात. पुढे १८५९मध्ये तो व्हिक्टोरियाच्या (गिप्सलँड ज्यात येते त्या वसाहतीच्या) विधानसभेत आमदारही झाला. त्याच्या नावाचा संघीय मतदारसंघ मात्र २०१८मध्ये बदलून ‘मोनॅश’ करण्यात आला.