पोट्ट्यांना राजकारणात आणायचंय? घ्या, सोपं आहे

घरात दहावी-बारावीतलं पोट्टं आहे आणि त्याला जबाबदार नागरिक करायची हौस आहे? काळजी नको. आपल्या नागपुरात सोय उत्तम आहे.

आधी त्याला एखाद्या ‘युवा संवादा’ला पाठवा. कार्यक्रम दहाचा असेल तर पोरांना नवालाच आणून बसवा. साहेब साडेबाराला येतील. मग हार, शाल, श्रीफळ, स्टेजवरच्या प्रत्येकाचं नाव, त्याच्या मागे उभ्या असलेल्याचंही नाव. पोरांचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या आणि आधी वाचून घ्या, हे महत्त्वाचं! माझ्या भाचीनं लिहिलं होतं, ‘गल्लीतला सिमेंट रोड आमच्या उंबरठ्याच्या वर गेलाय, पाऊस आला की पाणी घरात येतं. कोणाला विचारायचं?’ माईक हातात आला तेव्हा सोबत दुसरीच चिठ्ठी होती, आयोजकांच्या अक्षरातली. ‘सर, आपल्या यशाचं रहस्य काय?’ शेजारी मॅडम डोळे वटारून उभ्या. पोरीनं वाचलं गुमान. साहेबांनी रहस्य सांगितलं, सविस्तर. वर म्हणाले, ‘मुलांनो, राजकारणात या!’ कुठून यायचं बे? दारात तुमचा रोड आडवा आलाय ना!

असो.

प्रचाराच्या रॅलीत बाईकला पेट्रोल, गळ्यात दुपट्टा, वर तर्री-पोहे. झालं प्रशिक्षण.

नागरिकशास्त्र मार्कांपुरतंच ठेवा. मनपाची निवडणूक दर पाच वर्षांनी होते, असंच लिहायचं. 2017 नंतर आपल्याकडे ती व्हायला 2026 उजाडलं आणि मधली बरीच वर्षं प्रशासकानंच कारभार हाकला, असं कोणी लिहिलं तर मार्क कापा. तेव्हा चौथीत असलेलं पोरगं तोवर मतदार झालं, तो भाग वेगळा.

कॉलेजातल्या निवडणुकांची तरतूद 2016 च्या विद्यापीठ कायद्यात आहे. तिथंच बरी आहे.

जाऊ द्या, सरळच बोलतो. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून लेकरं भरता, लाज नाही वाटत? सतरा पूर्ण झाले की मतदार नोंदणीचा फॉर्म 6 आगाऊ भरता येतो, हे अख्ख्या कार्यक्रमात एकानं सांगितलं नाही. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, तेही नाही. सेल्फी पॉइंट मात्र होता, फुग्यांचा! अन् पालकहो, तुम्ही काही कमी नाही. साहेबांसोबतचा फोटो लगेच स्टेटसला, आणि पोरगी रोडची तक्रार लिहायला बसली की, ‘नाव कशाला टाकते, उगाच लफडं होईल.’