फॉन्टचा मानपान

लग्नातला मानपान आता राहिला नाही असं आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात ते साफ खोटं आहे, तो फक्त फ्लायरवर शिफ्ट झालाय. कोणाला किती मोठं अक्षर, कोणाचं नाव वर, कोणाला शॅडो मिळाली आणि कोण नुसतंच प्लेन राहिलं यावरून रुसवेफुगवे कसे होतात ते बघायचं असेल तर एखाद्या सोसायटीच्या उन्हाळी शिबिराचा फ्लायर करायला घ्या. मी घेतला. म्हणजे घेतला काय, मी पोटापाण्यासाठी डिझाइनच करते हे ठाण्यात वसंत विहारच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहितीये, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या आणि "अगं, तुझं ते कॉम्प्युटरवरचं दोन मिनिटांचं काम आहे" म्हणाल्या आणि लिफ्ट खाली पोचायच्या आत ते काम माझं झालेलं होतं.

शिबिरात कराटे, ॲबॅकस, तबला, संस्कृत स्तोत्रं, जादूचे प्रयोग आणि बॉलिवूड डान्स. प्रत्येकाचे वेगळे सर नाहीतर मॅडम, आणि सगळ्यांचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप. त्यात मला ॲड केलं गेलं.

आता माझा नियम साधा आहे. फ्लायरवर दोन फॉन्ट. एक हेडिंगला, एक बाकी सगळ्याला. खरं तर एकातही भागतं, म्हणजे मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्त' घ्या, फुकट मिळतो आणि एकदम बारीकपासून एकदम ठळकपर्यंत त्याची सात वजनं आहेत, ठळक घेतला की हेडिंग झालं, साधा घेतला की मजकूर झाला, मधला घेतला की वेळ आणि पत्ता झाला, अजून काय पाहिजे माणसाला. कारण फ्लायरचं आयुष्य असतं किती? सकाळी पेपर उघडला की मांडीवर पडतो, उचलून टीपॉयवर टाकेपर्यंत जे दिसलं ते दिसलं. तेवढ्यात आईबापाला काय आहे, कुठे आहे आणि फोन कोणाला करायचा हे कळलं पाहिजे. प्रत्येक ओळ वेगळ्या आवाजात ओरडायला लागली की डोळा कुठेच टिकत नाही. हे सगळं मी ग्रुपवर छान समजावून लिहिलं. त्याला एक अंगठा आला, तोही वॉचमनचा, त्याला ग्रुपमध्ये कोणी घेतला होता देव जाणे.

मग काकू स्वतःच घरी आल्या, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "दाखव गं, काय काय आहेत." कोणालाही कधीही फॉन्टची लिस्ट उघडून दाखवू नये. काकू साडीच्या दुकानात बसावं तशा बसल्या, हा नको, तो दाखव, मघाचा परत दाखव. मध्येच 'मंगल' आला. "अय्या मंगल! शुभकार्य आहे, हाच घे." आता मंगल हा सुलेखनकार र. कृ. जोशींसारख्या मोठ्या माणसाने विंडोजसाठी केलेला फॉन्ट, स्क्रीनवर मजकूर वाचायला केलेला, त्याला नावं ठेवायची माझी लायकी नाही, पण आमच्या सोसायटीच्या थकबाकीच्या नोटिसा वर्षानुवर्षं त्यातच निघतात. मी म्हटलं, काकू, हा लावला तर पोरं मेंटेनन्सचा चेक घेऊन येतील.

मग सापडला 'मोदक'. हापण 'एक टाइप'वाल्यांचाच, इतका गुटगुटीत की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा नुसती रेघेएवढी उरते. मोठ्या साइजमध्ये काय गोड दिसतो, आणि लहान मुलांच्या शिबिराच्या हेडिंगला तर अगदी फिट, म्हणून मी खुशीत 'धमाल उन्हाळी शिबिर' त्यात लावलं. काकूंना तो इतका आवडला की पत्ता पण त्यातच हवा. लावून दाखवला. पत्त्याच्या साइजला मोदकाची पोटं भरून गेली आणि 'क्लब हाउस, तळमजला' च्या जागी काळ्या ठिपक्यांची रांग उरली. काकू चष्मा वरखाली करून म्हणाल्या, "येतंय की वाचता." अहो तुम्हाला येणारच, तुम्ही तिथेच राहता!

इकडे ग्रुपवर सर मंडळी सुटली होती. कराटे सरांनी कुठल्यातरी बॅनरचा फोटो टाकला, ब्रशने फटकारा मारल्यासारखी फाटकी अक्षरं, आणि खाली मेसेज, "मॅडम, फॉन्टमध्ये पंच पाहिजे." तो फॉन्ट फक्त इंग्रजीत होता, देवनागरीत नाही, हे सांगितल्यावर म्हणाले, "मग तुम्ही फाडा." तबला सरांना वेलांट्या लांबवलेला हवा होता कारण त्यात लय दिसते. डान्सवाल्या मॅडमना गोल्डन आणि ग्लिटर. जादूवाले तर भारीच, त्यांना अर्धं अक्षर दिसणारा आणि अर्धं गायब झालेला फॉन्ट हवा होता. मी विचारलं, आणि फोन नंबर? तर म्हणे नंबर पूर्ण ठेवा.

ॲबॅकसच्या मॅडमची केस वेगळी. त्यांनी स्वतःच एक नक्षीदार फॉन्ट पाठवला, कधीचा कोण जाणे, आणि तो लावल्यावर त्यांच्या विषयाचं पहिलं अक्षरच गायब, तिथे नुसता चौकोनी डबा. कारण असं की 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला कळणाऱ्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आलं २००८ साली, त्याआधीचे फॉन्ट त्याला ओळखतच नाहीत, आणि फुकटातल्या नक्षीवाल्यांपैकी बऱ्याच जणांनी हिंदीपुरतंच पाहिलेलं असतं. 'दुसऱ्या बॅचसाठी' मधला अर्धा र पण असाच फुटला. मॅडम म्हणाल्या, "डबा राहू दे, मण्यासारखा दिसतोय."

शहाण्या फक्त संस्कृतच्या बाई. त्यांनी फोन करून एवढंच सांगितलं की निर्णयसागरच्या जुन्या पुस्तकांसारखं वळण मिळालं तर बघ, नाहीतर राहू दे. निर्णयसागर म्हणजे मुंबईतला जावजी दादाजींचा छापखाना, त्याच्या टाइपाची सर आजही कशाला नाही. मला वाटतं शिशाचे खिळे जुळवून छापायच्या जमान्यात हा ताप कमी असणार, प्रेसमध्ये पेटीत असतील तेच टाइप, गिऱ्हाइकाने काय मागायचं ते पेटी ठरवणार.

शेवटी मी म्हटलं एकदा सगळ्यांचं सगळं मान्य करून दाखवते, बघितल्यावर आपोआप घाबरतील. केलं. फाटकं कराटे, लांबट तबला, चमचमता डान्स, अर्धी जादू, डबाबॅकस, वरती लठ्ठ मोदक, प्रत्येकाला पांढरी आउटलाइन आणि शॅडो. बघून माझंच डोकं गरगरलं. ग्रुपवर टाकलं तर टाळ्याच टाळ्या. "एक नंबर", "आता कसं भरल्यासारखं वाटतंय." कराटे सर म्हणाले, "फक्त आमचं थोडं मोठं करा, तबल्याचं मोठं दिसतंय."

तिथे मला कळलं की यांना फॉन्ट नकोयत, मान हवाय. मग मी मान दिला. सगळ्यांना सारख्या मापाचा चौकोन, प्रत्येकाला स्वतःचा रंग, प्रत्येकाला एक छोटं चित्र, टोपीतून निघणारा ससासुद्धा, आणि वरखालीवरून भांडण नको म्हणून नावं बाराखडीच्या क्रमाने. अक्षरं मात्र सगळ्यांची 'मुक्त' फॉन्टमधली. तरी कोणी कुरकुरलंच तर शेवटचं अस्त्र होतंच, "प्रिंटर म्हणतोय होणार नाही." डिझायनरचं कोणी ऐकत नाही, प्रिंटरशी कोणी वाद घालत नाही. नौपाड्यातल्या आमच्या प्रिंटवाल्या दादांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी तर पुढे जाऊन कराटे सरांना फोनवर "मशीन फाटकं अक्षर उचलत नाही हो" असं ऐकवलं आणि सरांना ते पटलं!

दादांची फक्त एक अट असते, "ताई, कर्व्ह करून द्या." म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकायचे, मग त्यांच्या जुन्या कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, फॉन्ट असो नसो, जोडाक्षर फुटत नाही. एकदा कर्व्ह झालं की ते टेक्स्ट राहत नाही, खोडून टाइप करता येत नाही. मी कर्व्ह केलं, फाइल पाठवली आणि काकूंचा मेसेज आला, "आठ नको गं, साडेआठ कर, दूधवाला येतो."

त्यात फोन नंबर मराठी आकड्यांत की इंग्रजी यावर अजून एक संध्याकाळ गेली. मराठीवाले जिंकत आले होते, पण तबला सरांनी त्यांच्या लाडक्या वेलांटीवाल्या फॉन्टमध्ये नंबर टाकून दाखवला आणि त्यात १ कुठला नि ९ कुठला ते त्यांनाच सांगता येईना, तेव्हा इंग्रजी ठरलं.

छापून आला. ए-फाइव्ह, १३० जीएसएम आर्ट पेपर, हजार कॉपी. बरा दिसत होता हो, खरंच. पेपरवाल्या मुलाने टाकला त्या दिवशी काकूंचा फोन सकाळपासून वाजत होता आणि दुपारी त्या खाली आल्या, जरा नाराजच.

"सगळे एकच विचारतायत गं, हॉलला एसी आहे का."

"आहे ना?"

"आहे की. पण तू टाकलाच नाहीस. पुढच्या वर्षी मोठा टाक," आणि खुर्ची ओढून बसत म्हणाल्या, "तो फॉन्ट असतो ना, सरबताच्या गाडीवर, अक्षरांवर बर्फ साठलेला, तो काढ बघू."