पियानोची पाठ

वस्तू पारखण्याचे माझे शिक्षण मंडईत झाले. कलिंगड टिचकी मारून घ्यावे, हापूस देठापाशी हुंगून घ्यावा आणि कपाट घेताना मागची फळी ठोकून पाहावी, एवढे मला येते. त्यामुळे मुलीसाठी नवा, उभा, युरोपीय बनावटीचा पियानो घ्यायचे ठरले, तेव्हा जर्मनीत, आम्ही राहतो त्या लाइपझिगमधल्या दुकानात मी आत्मविश्वासाने शिरलो. पहिल्याच पियानोच्या काळ्या, चकचकीत पॉलिशमध्ये मला फक्त माझा चेहरा दिसला, आणि तोही आधीच फसवला गेल्यासारखा.

मुळात ‘युरोपीय’ या शब्दाचीच उकल होईना. शिमेल ही पियानो बनवणारी पेढी १८८५ साली आमच्याच लाइपझिगमध्ये सुरू झाली, ती आता ब्राउनश्वाइगला असते, आणि तिच्याच घराण्यातले विल्हेल्म शिमेल नावाचे पियानो पोलंडमधल्या कालिशला तयार होतात. बर्लिनच्या बेख्श्टाइन पेढीचे धाकटे भावंड डब्ल्यू. हॉफमन चेक प्रजासत्ताकातल्या ह्रादेत्स क्रालोवेला जन्म घेते, जिथे पेट्रोफ हे पियानोवाले १८६४ पासून ठाण मांडून आहेत. आडनाव एका गावचे आणि जन्म दुसऱ्या गावचा, हे आम्हा ‘कर’वाल्यांना नवे नाही, पण इथे त्यापायी हजारो युरोंचा फरक पडत असल्याने कुळ-मूळ विचारणे भाग होते.

उभा पियानो भिंतीला पाठ लावून असतो आणि त्याचे खरे चारित्र्य त्या पाठीतच असते, असे मी आदल्या रात्री वाचले होते. म्हणून मी विक्रेत्याला ते दोन-अडीचशे किलोंचे धूड पुढे ओढायला लावले. तो काहीही बोलला नाही, फक्त कोट काढून ठेवला. मागे स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची नादफळी, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी फळी होती, बारीक, सरळ, एकमेकींना खेटून गेलेल्या रेषांची. सुमारे २२० तारांचा मिळून पंधरा-वीस टनांचा ताण आतला बिडाचा सांगाडा झेलतो. कोणी कारखानदार त्याच्या मदतीला मागे जाडजूड लाकडी खांब देतात, कोणी जवळजवळ सगळा भार बिडावरच टाकतात, आणि दोन्ही पंथांचे लोक आपलीच रीत शास्त्रोक्त असल्याचे शपथेवर सांगतात. मी खांब मोजले. चार होते. चार पुरेसे की कमी, हे ठाऊक नसल्याने मी गंभीरपणे मान हलवली आणि सवयीने नादफळीवर टिचकी मारली. ‘घुम्म’ असा आवाज आला. पिकले होते.

मग पट्ट्यांची पाळी आली. पट्टी डावी-उजवीकडे हलवून पाहायची असते: अजिबात हलली नाही तर दमट हवेत ती अडकण्याची भीती, फार हलली तर पुढे खडखडाट. म्हणजे ढिलाई हवी, पण बेताची, आणि तो बेत बोटांनाच कळावा लागतो. मी ८८ पैकी एकतीस पट्ट्या हलवल्या होत्या, तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, तो वाजवूनपण बघायचा असतो.” तिने दहा मिनिटांत चार पियानो वाजवले आणि त्यातला एक निवडला. त्याची पाठ पाहायची राहूनच गेली.

तिसऱ्या आठवड्यात खर्जातल्या एका सुराला ‘झिर्र’ असा आवाज येऊ लागला, आणि मला, खरे सांगायचे तर, बरेच वाटले. ट्यूनर आला. त्याने खालची फळी काढली, पेडलच्या दांड्या चाचपल्या, एकेक स्क्रू आवळून पाहिला. मी मोबाईलचा उजेड धरून युरोपातल्या ढासळत्या कारागिरीबद्दल त्याला चार शब्द ऐकवले. चाळीस मिनिटांनी त्याने मुलीला तोच सूर वाजवत राहायला सांगितले आणि पियानोवर मांडलेल्या, आजीच्या पितळी समईच्या टोकावर हळूच बोट ठेवले. झिर्र थांबली. त्याने समईचा दांडा दोन वेढे फिरवून घट्ट केला आणि बिल तिच्याच खाली दाबून ठेवले.