डब्याच्या कडीचा ठेका

बाहेर न आलेली गाणीच गीतकाराच्या जास्त जवळची असतात, हे एका लेखात वाचलेलं वाक्य अगदी पटलं. माझ्या वहीत अशी सात आहेत, सगळी मराठी रॉक. सगळ्यात जुनं बाबांवरचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. तरी कितीतरी वर्षं ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, रिकामा डबा पुसायचे, कडी लावून फडताळात ठेवायचे. खट्ट. तळवा तारांवर टेकवून तोच आवाज मी गिटारवर काढला. गाण्याचा ठेका तिथूनच आला.

धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या रंगमंचावर, इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवात हे वाजवायचं, असं तेव्हा मनात होतं. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रमच थांबले.

गाणं वाजवलं ते एकदाच, परळच्या आमच्या खोलीत. आई मेथी निवडत होती. तिचे हात थांबले. म्हणाली, "हे बाहेर नको वाजवूस रे." नाही वाजवलं. शेवटचं कडवं बाबा गेल्यावर सुचलं. गेल्या महिन्यात तिनेच विचारलं, "ते डब्याचं गाणं पुरं केलंस का?"