दामाजीपंतांनी कोणाचं कोठार उघडलं?

काकांनी फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला. तेवढ्यावर थांबले असते तर मीही नेहमीप्रमाणे न वाचता सोडला असता. पण घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला, आणि वर विचारलं, "आता तुम्ही कशाला राबताय? लाडकी बहीण योजनेचे दीड हजार येतात ना खात्यात?" मावशी नुसत्या हसल्या. त्यांना उलट बोलणं परवडणारं नव्हतं, मला आहे.

मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. त्याचा मथितार्थ असा: माणूस जन्मजात स्वार्थी, धर्माने त्याला द्यायला शिकवलं. दुष्काळात दामाजीपंतांनी कोठारं उघडली, तेव्हा कुठे होत्या सरकारी योजना? सरकार वाटायला लागलं आणि लोकांची दानत आटली. ज्याला फुकट मिळतं तो काम सोडतो आणि दारू पीत बसतो. शेवटी जोडलेले हात आणि 'पटलं तर पुढे पाठवा'.

पटलं नाही. दामाजीपंतांपासूनच सुरू करतो, कारण तिथे लिहिणाऱ्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. दामाजीपंत कोण? मंगळवेढ्याचे अधिकारी, बेदरच्या (म्हणजे बिदरच्या) बादशहाचे नोकर. त्यांनी उघडलेलं कोठार त्यांच्या वाड्यातलं नव्हतं, सरकारी होतं. रयतेकडून वसूल केलेलं धान्य त्यांनी उपाशी रयतेला परत वाटलं. म्हणजे मेसेजवाल्याने धर्मादायाचा आदर्श म्हणून जी कथा निवडली, ती सरकारी धान्यवाटपाची निघाली! पुढचा भाग तर आणखी बोलका आहे. बादशहाने पंतांना पकडून आणायला माणसं पाठवली, तेव्हा विठोबा विठू महार होऊन बेदरला गेला आणि धान्याची किंमत सरकारी खजिन्यात भरून पावती घेऊन आला. कथेतल्या देवानेही धान्य वाटलं नाही, सरकारचा हिशेब चुकता केला. लहानपणापासून कीर्तनात ऐकलेली गोष्ट, पण पुढे पाठवताना कोणाला आठवत नाही.

कथा सोडा, इतिहास घ्या. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये देवळं होती, सावकार होते, दानधर्मही चालू होता. सरकारने मात्र हात आखडला. रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरच्या मजुराचं रोजचं धान्य एक पौंडावर, म्हणजे अर्ध्या किलोच्याही खाली आणलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध अर्ज केले. सरकारच्याच दुष्काळ आयोगाच्या अंदाजाने ब्रिटिश भारतात ५० लाखांहून जास्त माणसं मेली. महाराष्ट्रातला १९७२ चा दुष्काळही भयंकर होता. मिलो (बाहेरून आणलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (सरकारने वाटलेलं पौष्टिक पीठ) खाऊन दिवस काढलेली माणसं अजून आपल्यात आहेत. पण तेव्हा सरकारने कामं काढली आणि मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख लोक त्या कामांवर होते. हाल झाले, पण १८७७ परत आलं नाही. या दोन दुष्काळांच्या मधल्या काळात महाराष्ट्र जास्त धार्मिक झाला होता, असं कोणाचं म्हणणं असेल तर ऐकायला आवडेल.

आता आळशीपणाचा मुद्दा. सगळ्यात विषारी हाच, कारण तो थेट मावशींच्या तोंडावर फेकला गेला. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी (आई मराठी, जन्म मुंबईचा, नोबेल २०१९) आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी नेमका हाच आरोप तपासला. मेक्सिको, होंडुरास, निकाराग्वा, फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि मोरोक्को या सहा देशांतल्या सात योजना त्यांनी घेतल्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही गावं किंवा घरं निवडून तिथे पैसे दिले गेले होते, बाकीच्यांना नाही. मग दोन्हीकडची माणसं किती काम करतात ते मोजलं. पैसे मिळाले म्हणून लोकांनी काम सोडलं किंवा कामाचे तास कमी केले, असा कुठलाही पद्धतशीर पुरावा मिळाला नाही. २०१७ साली हे छापून आलं. भारतातली योजना त्यात नाही, हे मान्य. पण मेसेजवाल्याकडे तर एकाही देशातला पुरावा नाही, फक्त जोडलेले हात आहेत.

आणि महिन्याला १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. त्यात काम सोडून बसणारं माणूस मला दाखवाच. स्वतः काकांना पेन्शन आहे. महागाई भत्ता वाढला म्हणून त्यांच्यात आळस शिरलेला मी तरी पाहिला नाही. (ती कष्टाची आहे म्हणतील. पोळ्या काय आपोआप लाटल्या जातात?) दारूचं म्हणाल तर हे पैसे बाईच्या खात्यात जातात, एवढंच सांगून पुढे जातो.

'सरकार देतं म्हणून लोक देत नाहीत' हे म्हणणाऱ्याने स्वतःची पगाराची जुनी स्लिप काढावी. त्यात व्यवसाय कर दिसेल. तो १९७५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीसाठी लावला गेला. शहरातल्या पगारदाराने भरायचा आणि गावातल्या मजुराने पाझर तलाव खणून, खडी फोडून मजुरी घ्यायची. काकांनीही नोकरीभर भरला. हे देणं नाही तर काय आहे?

जन्मजात स्वार्थाबद्दल फार लिहीत नाही. वॉर्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये छापलेल्या प्रयोगात दीड वर्षाच्या २४ मुलांसमोर एका अनोळखी माणसाला छोट्या छोट्या अडचणींत टाकलं, जसं हातून वस्तू पडणं. त्यातल्या २२ मुलांनी निदान एकदा तरी, न सांगता, मदत केली. त्या वयात कोणाचं प्रवचन ऐकून झालेलं नसतं.

धर्म देणं शिकवत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. पालखीच्या वाटेवरची गावं दरवर्षी लाखोंना जेवू घालतात. गाडगेबाबांनी कीर्तनं करून धर्मशाळा उभ्या केल्या. देण्याला शिस्त लावणं आणि वेळापत्रक देणं धर्माला छान जमतं. नाइलाजाने का होईना, एवढं कबूल. पण म्हणून रेशन बंद करा, हे त्यातून कसं निघतं?

लाडकी बहीण योजनेवर टीका करायची तर जागा भरपूर आहे. जून २०२४ मध्ये घोषणा आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक, हा योगायोग कोणाला पटेल? तिजोरीवर किती भार पडतो, तो पैसा कुठून वळवला, हे विचारा. प्रश्न सरकारला विचारायचे आहेत, पोळ्या लाटणाऱ्या बाईला नाही. असा मेसेज कोणी लिहिला तर मी स्वतः पुढे पाठवेन, काकांनासुद्धा.