कॅरिअरवर लॅपटॉपची बॅटरी फुटत नाही, हँडलला लावलेली पिशवी मात्र जिवावर बेतू शकते

‘सायकलवरून लॅपटॉप नेणाऱ्यांनो, सावधान’ असा एक संदेश सध्या घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. नुकतीच कोथरूडहून बाणेरला सायकलने कामावर जाऊ लागलेल्या माझ्या भाचीला तो तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मेव्हण्यांनी, काळजीपोटी पाठवला आणि तिने कॅरिअरवरची पिशवी काढून हँडलला अडकवली. म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: कॅरिअरवरच्या हादऱ्यांनी लॅपटॉपची बॅटरी फुटते आणि आतली माहिती नष्ट होते, म्हणून लॅपटॉप सॅकमध्ये पाठीवर घ्यावा, पाठ दुखत असेल तर पिशवी हँडलला लावावी, कारण ‘दूधवाले वर्षानुवर्षे तसेच करतात’, आणि पिशवीवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिले असले की पावसाची चिंता नको.

बॅटरीपासून सुरुवात करतो, कारण घरच्यांच्या मनात भीती बसते ती याच वाक्याने. लिथियम बॅटरीच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी चाचण्या ठरवून दिल्या आहेत. त्यांच्या चाचणी-पुस्तिकेतील 38.3 हा विभाग त्यासाठीच आहे. त्यातली तिसरी चाचणी कंपनांची आहे. बॅटरी 7 ते 200 हर्ट्झ आणि पुन्हा 7 हर्ट्झ अशा कंपनांत 15 मिनिटे हलवतात, हे 12 वेळा करतात आणि तीनही दिशांनी करतात, म्हणजे एकूण 9 तास. त्यानंतर गळती, तडा किंवा आग यांपैकी काहीही आढळता कामा नये. चौथी चाचणी धक्क्यांची आहे, तीही वेगळी उत्तीर्ण व्हावी लागते. कार्यालयाच्या वाटेवरचे गतिरोधक आणि खड्डे यांनी धडधाकट बॅटरी फुटेल असे म्हणणाऱ्याने निदान या चाचण्यांना उत्तर द्यावे. फुगलेली किंवा चेपलेली बॅटरी धोक्याची असते हे खरे, पण ती घरातल्या टेबलावरही तितकीच धोक्याची असते आणि ती तत्काळ बदलायला हवी.

माहिती नष्ट होण्याचा मुद्दा जुना झाला. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये माहिती साठवायला एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी डिस्क, असते आणि तिच्यात फिरणारा भागच नसतो. जुनी हार्ड डिस्क असेल तर लॅपटॉप नुसता झाकून न ठेवता पूर्ण बंद करून न्यावा, एवढे पुरेसे आहे.

आता हँडलचा सल्ला. तो चुकीचा तर आहेच, शिवाय क्रूर आहे, कारण तो पाळणारा माणूस जिवाला मुकू शकतो. लॅपटॉप, चार्जर, डबा आणि पाण्याची बाटली मिळून चार-पाच किलो वजन सहज होते. ते हँडलच्या एका टोकाला लोंबू लागले की सायकल त्या बाजूला ओढते, वळताना पिशवी झोका घेते आणि अचानक ब्रेक दाबण्याच्या क्षणी पट्टा बोटांच्या व ब्रेकच्या दांडीच्या मध्ये येतो. त्याहून भयंकर म्हणजे पिशवीचा कोपरा किंवा सुटा पट्टा पुढच्या चाकाच्या स्पोकमध्ये शिरतो, चाकाबरोबर फिरत चाक धरणाऱ्या चिमट्यापाशी अडकतो आणि पुढचे चाक जागच्या जागी थांबते. मागचे चाक अडकले तर सायकल बहुधा घसरत थांबते. पुढचे अडकले तर स्वार हँडलवरून डोक्यावर फेकला जातो आणि हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही. आणि दूधवाल्यांचा दाखला द्यायचा असेल तर आधी त्यांची सायकल नीट पाहावी. जड कॅन मागच्या कॅरिअरच्या दोन्ही अंगांना, आकड्यांवर, चाकाच्या बाजूला खाली टांगलेले असतात. दुकानात आज ज्याला पॅनियर म्हणतात ती पिशवी नेमकी तशीच लावतात. म्हणजे संदेशाने दिलेला दाखला संदेशाच्याच विरुद्ध जातो.

सॅकबद्दल मात्र एक गोष्ट मान्य करावी लागते. खड्डा येताच स्वार पॅडलवर किंचित उभा राहतो, गुडघे आणि कोपर हादरा झेलतात, त्यामुळे पाठीवरच्या लॅपटॉपला कॅरिअरपेक्षा कमी धक्के बसतात. पण लॅपटॉप बिघडतो तो बहुधा धक्क्यांनी नव्हे, दाबाने. चार्जरच्या तीन पिना झाकणाला टेकलेल्या असतात, वरून सॅकचा पट्टा आवळलेला असतो आणि पडद्याला आतून तडा जातो. शिवाय लॅपटॉपचा कप्पा नेमका पाठीला चिकटलेला असतो, आणि एप्रिल-मेमध्ये घामाने तोच भाग आधी भिजतो. थोड्या अंतरासाठी सॅक वापरणाऱ्याला मी अडवणार नाही. चार्जर आणि डबा वेगळ्या कप्प्यात हवा, इतकेच.

‘वॉटरप्रूफ’ हा शब्द कोणीही छापू शकतो. कापड पाणी अडवते, पण शिवण आणि चेन अडवत नाही. आयपी अंक, म्हणजे धूळ आणि पाणी किती अडते हे सांगणारा प्रमाणित अंक, दिला असेल तर त्याला अर्थ आहे: त्यातला दुसरा आकडा 4 असेल तर सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण मिळते. सॅकवर चढवायचे आवरण पाठीची बाजू उघडीच ठेवते आणि रेनकोटवरून ओघळणारे पाणी तिथूनच आत जाते. तोंड गुंडाळून बंद होणारी पिशवी पुण्याच्या जुलैत अधिक विश्वासाची. घेतल्यावर आत वर्तमानपत्र ठेवून ती दहा मिनिटे शॉवरखाली धरावी, कागद ओला झाला तर दुकानदाराकडे परत न्यावी.

भाचीला मी पॅनियरच सुचवली आहे. आकडे कॅरिअरच्या नळीवर घट्ट बसणारे हवेत आणि खाली एक कडी हवी, नाहीतर गतिरोधकावर पिशवी उचकटते. लॅपटॉप मऊ अस्तराच्या कव्हरमध्ये, तळापासून थोडा वर राहील असा ठेवावा. पिशवी डावीकडे लावावी, कारण उजवीकडे तेलकट साखळी असते आणि वाहनेही त्याच बाजूने जातात. विकत घेताना सायकल दुकानात घेऊन जावी आणि पॅडल मागे फिरवून पाहावे. टाच पिशवीला लागत असेल तर पिशवी कॅरिअरवर मागे सरकवावी, आणि तेवढी जागा नसेल तर ती पिशवी घेऊ नये.