टिग संपलं म्हणे!

परवा भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, टिगचा कोर्स सोडू का?" (टिग म्हणजे टंगस्टनच्या काडीने विजेचा आर्क पाडून, आर्गॉनसारख्या वायूच्या आडोशाने केलेलं वेल्डिंग.) फॉरवर्डचं म्हणणं असं: टिग जुनाट झालं, रॉकेट-विमानांत आता फक्त लेझर आणि इलेक्ट्रॉन बीम, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताने केलेलं वेल्डिंग. वेग जास्त तितका जोड पक्का. लेझरला उष्णता कमी, म्हणून कुठल्याही पोलादाला प्रीहीट, म्हणजे जोडण्याआधी तापवणं, नको. आणि लेझरचं काम एका दिवसात कुणालाही येतं. शेवटी हातात धरायच्या लेझर मशीनची जाहिरात!

टिग संपलं? इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचं मॅरेजिंग पोलादाचं (निकेल घातलेलं, फार मजबूत पोलाद) कवच टिगनेच थरावर थर देऊन जोडतात. ही कवचं आपल्या पुणे जिल्ह्यात, वालचंदनगरला बनली आहेत.

वेगाचं म्हणाल तर १९६५ सालचं अमेरिकेतलं २६० इंच व्यासाच्या रॉकेट मोटरचं प्रकरण बघा. थायोकॉल कंपनीचं कवच झटपट होणाऱ्या सबमर्ज्ड आर्कने, म्हणजे फ्लक्सच्या भुकटीखाली आर्क झाकून केलेल्या वेल्डिंगने, जोडलेलं. एप्रिलमध्ये पाण्याच्या दाबाची चाचणी घेताना ते ठरलेल्या दाबाच्या ५६ टक्क्यांवरच फुटलं. नासाच्या तपासात वेल्डपाशी आधीचेच, तपासणीत न सापडलेले दोष निघाले. एरोजेट या दुसऱ्या कंपनीचं टिगने जोडलेलं कवच मात्र सप्टेंबरमध्ये प्रत्यक्ष पेटवून पार पडलं. दोष एकट्या पद्धतीचा नव्हता, मान्य. पण वेगाने ते कवच वाचवलंही नाही.

प्रीहीटचा मुद्दा मात्र घातक आहे. ४३४० या मजबूत मिश्रपोलादात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास. लेझरचा जोड अरुंद, भोवतालचं थंड लोखंड त्याची उष्णता क्षणात ओढून घेतं. म्हणजे उष्णता कमी म्हणून धोका कमी नाही, उलट जोड काचेसारखा कडक होतो. त्यात तेलातून, ओलाव्यातून हायड्रोजन शिरला की तडा पडतो, तोही कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तोवर एक्स-रे काढून, सही होऊन जॉब, म्हणजे जोडलेला भाग, पुढे गेलेला असतो. मॅरेजिंगला प्रीहीट लागत नाही, हे खरं. त्यात कार्बन ०.०३ टक्क्यांहून कमी, वेल्ड मऊ राहतं आणि ताकद नंतर ४८० अंशांच्या आसपास भट्टीत येते. विक्रेत्याने तेवढंच कुठूनतरी ऐकून सगळ्या पोलादांना चिकटवलेलं दिसतंय.

इलेक्ट्रॉन बीम उत्तमच, खोल जातं, जॉब फारसा वाकत नाही. पण त्याला निर्वात पेटी लागते, कडाही काटेकोर जुळाव्या लागतात. हातातल्या लेझरला त्याच्या पंगतीला बसवू नका.

एका दिवसात येतं ते बटण दाबणं.

भाच्या, कोर्स पुरा कर. आणि त्या विक्रेत्याचा नंबर दे. ४३४० चे दोन जाड तुकडे त्याच्याकडे जोडायला देतो आणि तिसऱ्या दिवशी बघायला जातो.